आधी नाव, मग पाणी

तुला कोणत्या नावानं हाक मारायची, इथंच माझं अडलं आहे. अडतीस वर्षं ज्या नावानं मारली ते तुझं नव्हतं. हे मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं, आणि त्यावर आपण एकदाही सरळ बोललो नाही. आज तुला जाऊन पाच दिवस झाले. माझ्या टेबलावर मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म पडून आहे. मयताचे नाव या रकान्यापर्यंत पेन जातं आणि तिथून परत येतं. तुझ्या जागी आलेल्या नव्या अधीक्षक बाई सकाळी विचारून गेल्या, सर, फॉर्म झाला का? उद्या देतो म्हणालो.

बालगृहाच्या गेटवर तुझ्या फोटोचा फलक लावला आहे. राजूरच्या गणपतीला जाणारी माणसं गाड्या थांबवून हात जोडतात. फोटो तुझा आहे. खालचं नाव, सुमन, हे अडतीस वर्षांपूर्वी मेलेल्या एका पोरीचं आहे. मी त्या गेटमधून खाली बघून ये-जा करतो.

तुझ्या कामाबद्दल बाकीचे लिहितील. मला फक्त जे झालं ते सांगायचं आहे. त्याबद्दल तू मला किती वेळा विचारलंस, आणि मी किती वेळा विषय बदलला, हे आता मोजवत नाही.

सुमन तू यायच्या आधीच्या वर्षी आली होती. सहा वर्षांची, डाव्या हातानं जेवणारी. तिची आई गयाबाई ऊसतोडीला निघाली होती. पोरीला टोळीबरोबर नेण्यापेक्षा इथं राहू द्या, हंगाम संपून पट्टा पडला की नेते, असं म्हणून ठेवून गेली. पत्र्याची एक छोटी पेटी, दोन झगे, शाळेचा दाखला. मी तेव्हा अधीक्षक होतो, अंगात धमक होती, आणि माझ्या हाताखाली एकही लेकरू दगावलं नाही याचा मला अभिमान होता.

श्रावणात तिला कावीळ झाली. जालन्याचा दवाखाना लांब नव्हता. पण शेजारच्या गावात एक म्हातारा कावीळ उतरवायचा. परातीत चुन्याचं पाणी घ्यायचा, त्यात आजाऱ्याचे हात चोळून धुवायचा, आणि पाणी पिवळं होत जायचं. माझी स्वतःची कावीळ लहानपणी त्याच्याच बापानं उतरवली होती. मी सुमनला सायकलवर पुढं बसवून एक दिवसाआड तीनदा नेलं. पहिल्या वेळी पाणी हळदीसारखं झालं. दुसऱ्या वेळी कमी. तिसऱ्या वेळी जवळजवळ पांढरंच राहिलं. म्हातारा म्हणाला, उतरली. मी खूश होऊन तिला घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मुलं जेवत असताना, ती माझ्या मांडीवर गेली. जाताना तिचे हात एकदम स्वच्छ होते. डोळे मात्र पिवळे.

आठवड्यावर तपासणी आली होती. आधीच कुणीतरी तक्रार केली होती की इथं मुलांची आबाळ होते. एक लेकरू दवाखान्यात न नेता मेलं हे कळलं असतं, तर मान्यता गेली असती आणि बत्तीस मुलं रस्त्यावर आली असती. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर बत्तीस मुलांच्या आधी मला माझं स्वतःचं काय होईल हे दिसत होतं. मी आणि मळ्याचा राखणदार, जो आता हयात नाही, आम्ही दोघांनी तिला मागच्या मोसंबीच्या बागेत, शेवटच्या ओळीतल्या झाडाखाली पुरलं. नोंद केली नाही. मुलांना सांगितलं, तिची आई येऊन घेऊन गेली. मुलांनी मान डोलावली. ती सगळी जेवणाच्या ओळीत बसून बघत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी तू आलीस. जुन्या जालन्यातल्या धान्याच्या बाजारात पोत्यांमध्ये झोपलेली सापडलीस. एका हमालानं टेम्पोत घालून आणून सोडलं. म्हणाला, दोन दिस झाले, कोणी विचारीना. बरोबर ना कागद ना पिशवी. नियमाप्रमाणे मी पोलिसांत कळवायला हवं होतं. सापडलेली मुलगी, वय अंदाजे सहा, अमुक रंगाचा झगा. मी तुझ्याकडे बघत राहिलो आणि माझ्या मनात फक्त एकच आलं. संख्या भरली.

तुला मी आयुष्यभर सांगितलं की तू आलीस तेव्हा महिनाभर बोललीच नाहीस. खोटं आहे ते. मी विचारलं, नाव काय गं तुझं? तू हनुवटी छातीला लावलीस आणि नाव सांगितलंस. स्पष्ट सांगितलंस. मी म्हणालो, "न्हाई. तुझं नाव सुमन. उद्या साहेब आले आणि सुमन म्हणून हाक मारली की हजर म्हणायचं. मंग गूळ देईन."

एका दिवसापुरतं, असं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात रांग लागली. साहेबांनी हजेरीवही माझ्याकडून घेऊन स्वतः नावं वाचली. सुमनचं नाव आलं. तू म्हणालीस, हजर. आणि तुझ्या मागून, अगदी त्याच क्षणी, तसलाच दुसरा आवाज आला. व्हरांडा पत्र्याचा होता, आवाज घुमतो, असं मी मनाला सांगितलं. साहेबांनी मान वर करून बघितलं आणि पुढचं नाव घेतलं. रांगेतल्या एकाही मुलानं तुझ्याकडे बघितलं नाही. सगळी आपापल्या पायांकडे बघत होती.

त्या दिवसापासून संध्याकाळच्या हजेरीला तुझ्या डाव्या बाजूला एका मुलीएवढी जागा रिकामी राहायला लागली. मी ओरडायचो, चिकटून उभं राहा रे. मुलं सरकायची. दुसऱ्या संध्याकाळी परत तेच. आधी वाटलं, जुनी मुलं तुला दूर ठेवतात, मेलेलीची पेटी वापरते म्हणून. पण वर्षं गेली, ती मुलं मोठी होऊन निघून गेली. ज्यांना काहीच माहीत नव्हतं अशी नवी आली. तीही तेवढीच जागा सोडून उभी राहायची. मी एकदा एका नव्या पोरीला विचारलं होतं, कामून लांब उभी राहतेस? ती म्हणाली, "तिथं जागा न्हाई, सर."

तुला सुमनची पेटी मिळाली, सुमनचे झगे, सुमनचा शाळेचा दाखला. तपासणीनंतर नाव बदलायचं राहून गेलं, मग शाळा सुरू झाली, मग ते बदलणं शक्यच नव्हतं. पहिल्या वर्षी दुपारच्या सुट्टीत तू मोसंबीच्या बागेत जाऊन बसायचीस. बाग चांगली दीडशे झाडांची होती. तू नेमकी शेवटच्या ओळीत, त्याच झाडाखाली. भाकरीचा अर्धा तुकडा तिथं ठेवायचीस. मी लांबून बघायचो. एकदा धीर करून विचारलं, इथं कोणाशी बोलतेस? तू भाकरी चघळत म्हणालीस, "हिच्याशी. ती म्हणती पेटी तुझी असू दे, पण नाव माझंय." मी तुला तिथं जायला बंदी घातली. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी मी स्वतःच बंदी उठवली, कारण तू रडली नाहीस, भांडली नाहीस, फक्त माझ्याकडे बघत राहिलीस.

आणि चार वर्षांनी गयाबाई आली. नवरा तिकडंच कारखान्यावर वारला, फडावरून फडावर भटकत ती अडकली होती. आता अंगारकीला राजूरला निघाली होती, वाटेत पोरीला न्यायला उतरली. दारात उभी राहून म्हणाली, माझी सुमन. माझ्या हातातून त्या क्षणी पेन पडलं होतं, ते मी बराच वेळ शोधत बसलो. तोपर्यंत कुणीतरी तुला बोलावून आणलं होतं.

तिनं तुला जवळ बसवलं. केस विंचरले. हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, त्या घालायला तुझा डावा हात हातात घेतला. मनगट उलटं केलं आणि बघत राहिली. मी मनाशी म्हणालो, बांगडीचं माप बघते आहे. मग तिनं एकेक करून सगळ्या बांगड्या घातल्या. तुझ्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारलं. तू तिच्या कानात काहीतरी सांगितलंस. ती उठली आणि मला म्हणाली, "राहू द्या इथंच. शाळा चांगली हाय. मी येत जाईन." बरोबर न्यायला आलेली बाई एकटीच परत गेली. मी सुटलो, एवढंच मला वाटलं. एका आईला फसवलं याची मला लाज वाटायला हवी होती, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढचं तुला ठाऊकच आहे. दर अंगारकीला ती यायची, तुझ्यापाशी तासभर बसायची. तू शिकलीस, इथंच गृहमाता झालीस, मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या खुर्चीवर बसलीस. माझी बायको गेल्यावर गेटजवळची खोली मला दिलीस. सकाळचा चहा, बीपीची गोळी, गरम पाण्याची बादली. मी संकोचून म्हणायचो, अगं किती करशील. तू हसून म्हणायचीस, "तुम्ही मला ठेवून घेतलं, मी तुम्हाला ठेवून घेतलं. बराबर झालं." त्यात टोमणा होता की माया, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. बहुतेक दोन्ही होतं.

आपलं एकच भांडण होतं. तू नियम केला होतास, नवं लेकरू आलं की सगळ्यात आधी त्याला नाव विचारायचं आणि ते जे सांगेल ते तसंच लिहायचं. बाळ्या म्हणालं तर बाळ्या. पिंट्या म्हणालं तर पिंट्या. मी म्हणायचो, लेकरू उन्हातान्हातून येतं, आधी पाणी दे, खायला दे. नाव काय पळून जातं का? तू वही पुढं ओढत म्हणायचीस, "पाणी पळून जात न्हाई, सर. नाव जातं. आधी नाव, मग पाणी." सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर म्हणायचीस, आणि माझ्याकडे न बघता.

आणि वर्षातून एकदा तरी, काहीतरी निवडत बसली असताना, मेथी नाहीतर मुलांचे मोजे, सहज विचारल्यासारखं विचारायचीस, "सर, मी आले तेव्हा काय म्हणाले हो मी?" मी म्हणायचो, काही नाही. तू बोलतच नव्हतीस. तू म्हणायचीस, बरं. आणि पुढची जुडी घ्यायचीस.

दुष्काळाच्या वर्षांत बाग वाळली. संस्थेनं झाडं तोडून नेली. शेवटच्या ओळीतलं एक झाड तू तोडू दिलं नाहीस. भांडी धुतलेलं पाणी बादलीनं नेऊन घालायचीस. मी खिडकीतून बघायचो. दीडशे झाडांत तेच झाड का, हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

यंदा श्रावणात तुझे डोळे पिवळे झाले. मी तुला त्याच दिवशी दवाखान्यात चल म्हणालो, हात धरून म्हणालो. तू गेलीसही. पण उशीर झाला होता, तू महिनाभर अंगावर काढलं होतंस. खाटेवर तुझ्या हाताला सलाईन होतं. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "हात धुवून न्हाई बघायचे का, सर? पाणी पिवळं होतंय का ते?" परातीची गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. म्हातारा मेला, राखणदार मेला. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तू डोळे मिटलेस. "तीच सांगती," म्हणालीस. त्यानंतर एकदाच डोळे उघडलेस आणि तेच विचारलंस. मी आले तेव्हा काय म्हणाले हो मी?

मी तेव्हा खरं सांगायला तोंड उघडलं होतं. यावर विश्वास ठेव अथवा ठेवू नको. पण तोंड उघडल्यावर मला कळलं की मला तुझं नाव आठवत नाही. इतकी वर्षं ते दाबून ठेवलं, आणि काढायला गेलो तर तिथं काहीच नव्हतं. दोन अक्षरी होतं, आणि दुसऱ्या अक्षराला तुझे ओठ एकमेकांना लागले होते. एवढंच आठवलं. मी तोंड मिटलं. तू म्हणालीस, बरं.

आणखी एक लिहून ठेवतो, म्हणजे काही लपवलं असं व्हायला नको. तुझ्या नावाची, म्हणजे सापडलेल्या मुलीची, मी कुठंच नोंद केली नव्हती. तुला शोधायला कोणी आलं असतं तर त्याला तू सापडली नसतीस. माझ्या माहितीत कोणी आलं नाही. आलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, तेही मला माहीत आहे.

इथपर्यंत लिहून वही मिटून ठेवली होती. त्यानंतर गयाबाई आली.

नवव्या दिवशी सकाळी भोकरदनकडून येणाऱ्या टेम्पोतून उतरली. आता पार वाकली आहे. फलकापाशी थांबली, फोटोवरून हात फिरवला आणि सरळ माझ्या खोलीत आली. मी पाणी दिलं. ती प्यायली नाही. म्हणाली, "मास्तर, ही बी गेली. आता माझी कुठं ठेवली ते दाखवा."

मी पाण्याचा पेला परत घेऊन टेबलावर ठेवला.

"मला माहीत हाय कुठंय," ती म्हणाली. "हिनं दाखवलंय मला, लई साल झाले. तुम्ही दाखवा."

मी काठी घेतली. आम्ही दोघं उन्हात मागच्या मोकळ्या रानात गेलो. मी झाडाकडे बोट केलं. वारा नसताना झाडाची पानं हलत होती, किंवा माझे डोळे हलत असतील. ती खाली बसली. कावीळ, परात, चुन्याचं पाणी, तीन वेळा सायकलवर, दुपारची जेवणाची ओळ. सगळं मी सांगितलं, उभ्यानंच. ती मातीवरचा पाला बाजूला करत होती. तिला शिवी तरी द्यावीशी वाटावी असं मला वाटत होतं. तिनं दिली नाही.

मी विचारलं, पहिल्याच दिवशी ओळखलं होतंस ना? मग बोलली का नाहीस?

"माझ्या पोरीच्या मनगटाला तव्याचा चटका व्हता," ती म्हणाली. "हिच्या हाताला काहीच नव्हतं. पर ती माझ्याकडं अशी बघून राह्यली व्हती, मास्तर. मी न्हाई म्हणले असते तर तिला कोणाची म्हणले असते तुम्ही?" मग म्हणाली, "मी कानात इचारलं, बाई, तुझं नाव काय? तिनं सांगितलं. मंग बांगड्या घातल्या. तिथून पुढं मी तिला तिच्याच नावानं हाक मारीत व्हते. तुमच्या माघारी."

तेव्हा मला समजलं. म्हणजे तुला तुझं नाव माहीत होतं. दहाव्या वर्षापासून, दर अंगारकीला कुणीतरी ते उच्चारत होतं. मला विचारत होतीस ते कळून घ्यायला नव्हे. मेथी निवडताना, मोजे जोडताना, खाटेवर सुद्धा, तू मला दार उघडून देत होतीस. माझ्या तोंडून ते यावं म्हणून. आणि मी अडतीस वर्षं म्हणत राहिलो, काही नाही.

मी गयाबाईला म्हणालो, मला ते नाव सांग. फॉर्म भरायचा आहे. मी विसरलोय.

तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "सांगते," म्हणाली. "पर आधी माझ्या पोरीचं मरण लिहा. तुमच्या हातानं. बिलकुल जसं झालं तसं."

मी लिहिलं. त्याच दुपारी, चार पानं. सुमन, वय सहा, कावीळ, माझ्या हयगयीनं. प्रेत कुठं आहे. तिच्या नावावर दुसरी मुलगी मी कशी उभी केली. खाली सही केली. एक प्रत संस्थेच्या मंडळाला दिली, एक पोलीस ठाण्यात जाऊन पोचवली. तिथला तरुण अंमलदार दोनदा वाचून म्हणाला, आजोबा, आता कशाला? मी म्हणालो, घ्या. पोच द्या. पुढं काय होईल ते होईल. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, माझ्यापाशी घाबरायला आता फारसं काही उरलेलं नाही.

पोच गयाबाईला दाखवली. तिला वाचता येत नाही. तिनं शिक्क्यावर अंगठा फिरवला, शाई वाळली आहे का बघावं तसा, आणि मला तुझं नाव सांगितलं. ऐकताच मला तुझी हनुवटी आठवली, धान्याची धूळ लागलेले तुझे केस आठवले. हेच होतं. दुसऱ्या अक्षराला ओठ लागतात.

काल संध्याकाळी नव्या बाई हजेरी घेत होत्या. सदतीस मुलं व्हरांड्यात उभी होती. तू हजेरी घ्यायचीस तेव्हा जिथं उभी राहायचीस, त्याच्या डाव्या हाताला, रांगेत एका मुलीएवढी जागा मोकळी होती. नेहमीसारखी. बाईंना त्यातलं काही माहीत नाही. त्यांनी वही मिटली तेव्हा मी म्हणालो, एक नाव राहिलंय, मी घेऊ का? त्या म्हणाल्या, घ्या ना सर.

मी घेतलं. आवाज फुटला नीट, मलाच नवल वाटलं. व्हरांड्याचा पत्रा आहे, आवाज घुमला आणि संपला. कोणी हजर म्हणालं नाही. माझ्या मागून नाही, पुढून नाही. मुलं माझ्याकडे बघत होती. मग कोणी काही न सांगता त्या मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या पोरी एकमेकींकडे सरकल्या. खांद्याला खांदा लागला. अडतीस वर्षांत मी ही रांग अशी सलग बघितली नव्हती.

आज सकाळी फॉर्म भरून दिला. फलकावरचं नाव बदलायला सांगितलं आहे. रंगारी विचारत होता, आडनाव काय लिहू? मी म्हटलं, नको. तिनं सांगितलं तेवढंच लिही.

छबू.